कमळाबाईचं नाक

समुद्रावरचा नवा पूल संपून टॅक्सी न्हावा शेव्याच्या बाजूला उतरली तेव्हा ओहोटी लागली होती. दोन्ही अंगांना खाडीचा चिखल उघडा पडलेला. ड्रायव्हरने काचा वर घेतल्या आणि म्हणाला, मावशी, एसी वाढवतो, इथे फार वास मारतो. मागे बसलेल्या कमळाबाईने त्याला काच खाली करायला लावली. खिडकीला तोंड लावून तिने छाती भरून श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. गार वारा नाकात शिरला आणि तसाच बाहेर आला. त्यात काही म्हणता काही नव्हतं. ड्रायव्हरने रुमाल नाकाला लावलाय हे तिला आरशात दिसलं आणि तिने काच वर घेतली.

ही कमळाबाई कोण, ते पनवेलच्या मासळी बाजारात कुणालाही विचारा. नवरा तुळशीराम करंजा बंदरातल्या एका बोटीवर खलाशी होता. तो छातीच्या दुखण्याने लवकर गेला, पदरात एकटा निकेश ठेवून. त्यानंतर पहाटे करंज्याचा लिलाव गाठायचा, टोपल्या टेंपोत घालून पनवेलला आणायच्या आणि दुपारपर्यंत ओटा रिकामा करायचा, हा बाईचा नेम वर्षानुवर्षं चालला. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. पण तिची खरी ख्याती होती ती नाकाची. व्यापारी टोपलीवरचं गोणपाट उचलायचा अवकाश, ही लांबूनच सांगायची की वरचा थर आजचा आहे आणि खालचा बर्फात झोपून आलेला आहे. जुनी सुरमईसुद्धा डोळ्याला टवटवीत दिसते, बोटाला घट्ट लागते, कल्ल्यांना रंग फासणारे महाभागही असतातच. वासाला मात्र कुणाला लाच देता येत नाही, असं ती म्हणायची. तिच्या ओट्यावरची मासळी लोक डोळे मिटून न्यायचे.

निकेश शिकला, बंदरात नोकरीला लागला, आणि तिथून कॅनडातल्या कुठल्याशा बंदरावर गेला. सून हेतल बाळंत व्हायची होती म्हणून कमळाबाई गेली ती नात रिया शाळेत जायला लागेपर्यंत राहिली. पहिल्याच हिवाळ्यात तिला साथीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. येईल हळूहळू, सगळ्यांचं येतं, असं हेतल म्हणाली आणि मोठ्या मायेने रोज सकाळी तिच्या नाकाखाली लिंबू धर, कॉफीचा डबा धर, असं करायला लागली. त्या पोरीचा रोज पडणारा चेहरा बघवेना, म्हणून एका सकाळी कमळाबाईने ठोकून दिलं, आला गं, लिंबाचा वास आला. घरात आनंदीआनंद झाला. हेतलने केक केला. तेव्हापासून हा विषय मिटला, निदान बाकीच्यांपुरता.

आणि खरं सांगायचं तर तिकडे तिचं काही अडलंही नाही. तिथल्या दुकानात मासळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पाठीवर तारीख चिकटवून ठेवतात. त्या मासळीला वास आला तर दुकानदारालाच घाम फुटेल. घराच्या खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला पंखा फोडणीचा धूर जन्मायच्या आत ओढून घेणारा. कमळाबाईने स्वतःची समजूत घातली की या देशालाच वास नाही. माझं नाक शाबूत आहे, त्याला इथे काम नाही एवढंच. घरी गेले की करंज्याच्या धक्क्यावर ते आपोआप जागं होईल. या समजुतीवर तिने चार वर्षं काढली.

आता तिच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. निकेशला वाटत होतं आईने आणखी पाच वर्षांसाठी अर्ज करावा आणि इथेच राहावं. घरी जाते, घरी जाते असा जप तर तिने पहिल्या दिवसापासून चालवला होता, पण तिकीट काढायची वेळ आली की तिचा गुडघा दुखायचा, नाहीतर रियाला सर्दी व्हायची. निकेशला वाटलं, आईला आपल्याला सोडवत नाही. आईला कसली भीती होती ते त्याला कुठून कळणार? इथे वास येत नाही तोवर दोष देशाचा होता. घरी जाऊनही आला नाही, तर तो तिचा होणार होता. आणि नाक गेलेली मासळीवाली म्हणजे कोण? पनवेलमधली एक म्हातारी, बंद घरात एकटी, दुसरं काय. शेवटी असं ठरलं की तिने महिनाभर जाऊन यावं, घर उघडून बघावं, आणि राहायचं की परतायचं ते निकेशला तिथून कळवावं. परतीचं तिकीट त्याने काढूनच दिलं. ती तिकिटाकडे बघायची तेव्हा तिला धीर यायचा आणि लाजही वाटायची.

कोळीवाड्यात तिचं स्वागत झोकात झालं. घराची किल्ली पुतण्याच्या विधवेकडे, भामाकडे होती. भामाने घर झाडूनपुसून ठेवलं होतं, माठ भरून ठेवला होता. बायका येऊन बसल्या. कुणी म्हणालं गोरी झालीस, कुणी म्हणालं वाळलीस, आणि एक म्हातारी म्हणाली, आता बाहेरचे बोंबील वाळताना वास येईल तेव्हा हिला खरं घरी आल्यासारखं वाटेल. कमळाबाई हसली. बोंबलांच्या ओळी दारासमोरच टांगलेल्या होत्या.

सगळ्या गेल्यावर तिने दार लावून घेतलं. भामाने फडताळात भरून ठेवलेला सुक्या जवळ्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यात नाक घातलं. मग गॅसवर तवा ठेवून मूठभर जवळा त्यावर टाकला आणि करपून काळा होईपर्यंत उभी राहिली. डोळ्यांना धूर झोंबला, पाणी आलं. शेजारणीने बाहेरून ओरडून विचारलं की काय जळतंय. कमळाबाईने गॅस बंद केला आणि जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत नवरा गेला तेव्हा एकदा ती अशी बसली होती. आता दोष त्या देशावर ढकलता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिने बाजारात न जायचे बहाणे सुरू केले. झोप उलटीपालटी झाली आहे, गुडघा धरलाय, आज एकादशी आहे. कोळीण एकादशी सांगायला लागली की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

बाजारात तिच्या ओट्यावर भामा बसत होती. या बाजाराची एक रीत आहे. इथे बसायची जागा सासूकडून सुनेकडे, काकीकडून पुतणसुनेकडे जाते, पण धनीण जिवंत असेतोवर ती कुणाला देऊन टाकत नाहीत. राखायला म्हणून घरातलीच एक बसवतात, तिच्या हातून पहिली विक्री करवतात, आणि धनीण परत आली की राखणारीने अवाक्षर न काढता उठायचं. मग ती दुसरीकडे जमिनीवर फडकं पसरून बसते, नाहीतर दारोदार टोपली फिरवते. भामाचा नवरा वारला तेव्हा तिची पोरगी अंकिता रांगत होती. कमळाबाई कॅनडाला निघाली तेव्हा तिनेच भामाला ओट्यावर बसवलं होतं, आणि पाच वर्षांत भामाने गिऱ्हाईक टिकवलं, वर चार नवीन जोडली. कमळाबाई कधी उठवायला येईल, या धास्तीत तीही होती. रोज संध्याकाळी ती वाटीभर कालवण घेऊन यायची, बाजारातल्या गोष्टी सांगायची, आणि ओट्याचा विषय निघायच्या आत वाटी उचलून निघायची. एकमेकींच्या भीतीने दोघी अशा काही गोड वागत होत्या की बघणाऱ्याला वाटावं, मायलेकीच आहेत.

शेवटी भामानेच तोंड उघडलं. "काकी, उद्या रविवार. लोक विचारतात, कमळाबाय आली आन् बाजारात कशी नाय आली. तू ये. जागा तुझी हाय."

यावर आणखी एकादशी काढता येईना. कमळाबाई गेली. बाजाराच्या दारात पाऊल टाकताना तिने डोळे मिटले, नवसाला उभी राहिल्यासारखी. आजूबाजूने लोक नाक दाबत चालले होते. तिला ओल्या लादीचा गारवा लागला, कोयत्याचे ठोके ऐकू आले, भांडणं ऐकू आली. बाकी काही नाही. भामा ओट्यावरून उठली, पाट फडक्याने पुसला आणि कोयता तिच्या हातात दिला. सगळा बाजार बघत होता.

हात मात्र काही विसरले नव्हते. पहिल्या गिऱ्हाइकाची मांदेली साफ करताना बोटं आपली आपण चालली, आणि भवानीची नोट कपाळाला लावताना तिला रडू आलं. दुपारपर्यंत ओटा रिकामा. मोहल्ल्यातली जुबेदा खाला, तिची जुनी गिऱ्हाईक, येऊन गळ्यात पडली. बाईची भीती थोडी मागे सरली. मासळी भामाने आणलेली होती, भामाने पारखलेली होती. कमळाबाईला फक्त विकायची होती. असे चार-पाच दिवस बरे गेले. भामा तिच्या पायाशी बसून कोळंबी सोलायची. एका रात्री कमळाबाईच्या मनात आलंसुद्धा की असंच चालेल, कुणाला कळणार आहे. आणि लगेच दुसरं मनात आलं की कळलं तर? त्यानंतर तिला झोप लागली नाही.

मग एक दिवस भामाने निरोप पाठवला की अंकिताला ताप भरलाय, उद्या करंज्याला काकीनेच जावं.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. जिने आयुष्यभर लिलाव गाजवला तिने कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? पहाटेच्या टेंपोत ती कंटेनरच्या रांगांमधून निघाली. धक्क्यावर बोटी लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या. बुधाजी व्यापाऱ्याने तिला बघताच सगळ्यांना बाजूला केलं. दोन टोपल्या सुरमई पुढे ओढल्या, गोणपाट उचललं आणि हात जोडून हसत उभा राहिला.

"कमळाबाय, तुझ्यापुढं आमी काय बोलनार? तूच बघून घे."

तिथेच घात झाला. दुसऱ्या कुठल्याही बाईला बुधाजीने सांगितलं असतं की खालचा थर कालपरवाचा आहे, त्याचा भाव पाडून घे. हा माणूस लबाड नव्हता. कमळाबाईला सांगणं म्हणजे तिचा अपमान, असं त्याला वाटलं. ती नेहमीसारखी नाक उडवील, चार शिव्या देईल आणि भाव खाली आणील, याची तो वाट बघत होता. कमळाबाईने वाकून वास घेतल्यासारखं केलं. डोळे बघितले, कल्ले बघितले, बोटाने दाबून बघितलं. सगळं ठीक दिसत होतं. शेजारी उभ्या बाईला एकदा विचारावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण कमळाबाईने करंज्याच्या धक्क्यावर कुणाला तरी मासळीचा वास घे म्हणायचं, त्यापेक्षा तिने धक्क्यावरून उडी मारली असती. तिने मान हलवली आणि बुधाजीने सांगितलेल्या भावातच दोन्ही टोपल्या उचलल्या. बुधाजी चकित झाला, पण आलेल्या लक्ष्मीला नको कोण म्हणतो.

त्याच सकाळी जुबेदा खाला आली. तिच्याकडे दावत होती. कमळाबाईने प्रेमाने टोपलीच्या तळातली सगळ्यात थोराड सुरमई काढून दिली, अख्खीच, घरी कापून घेते म्हणाली म्हणून.

बाजार उठायच्या बेताला खाला परत आली. हातात तीच पिशवी. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं; कमळाबाईने दुप्पट ओरडून उत्तर दिलं असतं, तो तर तिचा धंदाच होता. खालाने पिशवी हळूच ओट्यावर ठेवली, तिची गाठ सोडली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कमळा, तू दिलीस म्हणून मी बघितलंपण नाही गं." आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायकांनी एकदम माना वळवल्या. एकीने पदर नाकाला लावला. पिशवी कमळाबाईच्या नाकाखाली होती आणि सगळ्या बाजाराला जे कळत होतं ते तिला एकटीला कळत नव्हतं. आता कुणीतरी म्हणणार, हिला वासच येत नाही, आणि मग संपलं.

तेवढ्यात मागून भामा आली. ती दिवसभर बाजारात फिरकली नव्हती. तिने पिशवी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की ही सुरमई माझ्या कालच्या टोपलीतली, बर्फात राहिली होती, मी चुकून काकीच्या टोपलीत सरकवली, काकीचा काही दोष नाही. खालाची माफी मागितली, शेजारच्या ओट्यावरून स्वतःच्या पैशाने पापलेट घेऊन तिला दिला. बायकांनी भामाला दोन शब्द सुनावले. काकीचं नाव घालवशील, असं एक जण म्हणाली. भामाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

बाजार रिकामा झाला. दोघी ओटा धुवायला लागल्या. पाणी ओतता ओतता कमळाबाई थांबली. ही गोष्ट तिने पोटच्या पोराला सांगितली नव्हती.

"भामा, मना वास येत नाय."

"ठाव हाय," भामा म्हणाली. "तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरात माळ्यावर उंदीर मेलेला होता. मी दारातच नाक धरलं. तू त्याच्याखाली बसून चा प्यायलीस. तू न्हायला गेलीस तवा मी तो काढून टाकला."

म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून भामाला ठाऊक होतं. मग कमळाबाईच्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला आणि तिने विचारलं की अंकिताचा ताप कसा आहे.

भामा लादी घासत राहिली. घासता घासताच म्हणाली, "तिला ताप नव्हता, काकी. वाटलं, तू लिलावात फसशील, लाजून परत जाशील. जागा मना राहील. खोटं कशाला बोलू?" तिने ओल्या हाताने डोळे पुसले. "मंग आज सगळ्या अशा बघायला लागल्या... माझ्यानं बघवलं नाय."

ऐकून कमळाबाईचा हात कोयत्याच्या मुठीवर गेला होता, हे खोटं नाही. पाच वर्षं जिला जागा राखायला दिली तिने खड्डा खणला. संताप असा उसळला की गुडघा विसरून ती उठून उभी राहिली. तोंडात शिव्यांची रांग तयार होती. पण भामाच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघता बघता तिला आठवलं की तरुणपणी, पोर पदरात असताना, या ओट्यासाठी ती काय काय करायला तयार झाली असती. भामापेक्षा काकणभर जास्तच केलं असतं. ती पुन्हा खाली बसली.

"उद्यापासून करंज्याला दोगी जायचं," ती म्हणाली. "टोपलीला नाक तू लावायचं. बुधाजीशी भांडायचं मी. ओट्यावर दोगी बसू, नायतर तुझ्या बापानं हा ओटा एवढा लांब कशाला बांधला?"

ओटा नगरपालिकेने बांधलेला होता, भामाच्या बापाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. भामा तरी रडता रडता हसली.

संध्याकाळी कमळाबाईने निकेशला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, लिंबापासून सुरमईपर्यंत. भीती कुठे गेली नव्हती. भामा आजारी पडली तर काय, मन फिरलं तर काय, बाजारात फुटलं तर काय, आणि उद्या घरात गॅस सुटला तर मला कोण सांगणार, हेही तिने बोलून टाकलं. निकेश म्हणाला की म्हणूनच तू परत ये. आणि मग, वेगळ्याच आवाजात, "आई, चार वर्षं एका घरात राहून आम्हाला कळलं कसं नाही गं?"

त्याला दुखवायचं तिच्या मनात नव्हतं. पोराने काही कमी केलं नव्हतं, सुनेने तर नाहीच.

"तुमी मना सांभाळत होता रे बाला," ती म्हणाली. "इथं कोण सांभाळत नाय. इथं आल्या आल्या एकीला कळलं, आन् तिनं मना ओट्यावरनं उठवायला बघितलं. उठवायला जागा हाय म्हनूनच ना. मी इथंच राहनार."

तो पुढे काही बोलणार होता, पण ती म्हणाली, तिकीट रद्द कर, आणि पहाटे उठायचं होतं म्हणून तिने फोन ठेवला.